गुरुऋण आणि लपविलेली डबी

मनुष्य गेल्यानंतर त्याची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न आपल्या समाजांत प्रश्न म्हणून फारसा कोणी विचारीत नाहीं. कारण त्याचें उत्तर आधींच ठरून गेलेलें असतें. पुढारी असेल तर पुतळा, दाता असेल तर कोनशिला, ग्रंथकार असेल तर व्याख्यानमाला, आणि शाळामास्तर असेल तर तैलचित्र. सभा भरते, समिति नेमली जाते, निधि जमतो, अनावरण होतें. आणि ज्या गृहस्थानें जन्मभर मुलांचें लक्ष स्वतःकडून काढून फळ्याकडे वळविलें, तो अखेर स्वतःच भिंतीवर जाऊन बसतो. ही रीत वाईट आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. तींत कृतज्ञता असते, आणि कृतज्ञता कोणत्याहि वेषांत दाराशीं आली तरी तिला विन्मुख पाठवूं नये. परंतु ज्याचें स्मारक करावयाचें त्याच्या जीवितकार्याशीं त्या स्मारकाचा कांहीं संबंध असावा कीं नाहीं, ही शंका अलीकडे मला छळूं लागली आहे. आणि ती ज्या निमित्तानें उत्पन्न झाली तें निमित्त कांहींसें चमत्कारिक असल्यामुळें प्रथम तेंच सांगतों.

माझ्या भाचीचें बिऱ्हाड अमेरिकेंतील ऑरिगन राज्यांत, ऑरिगन सिटी ह्या शहरीं आहे. ती लहानपणापासून तिकडेच वाढली. तिला शाळेंत गणित शिकविणाऱ्या बाई गेल्या वर्षीं वारल्या. त्यांच्या सहा जुन्या विद्यार्थ्यांनीं एकत्र जमून त्यांच्या स्मरणार्थ कांहीं करावयाचें ठरविलें. आणि तें काय, तर शहरांत व शहराच्या आसपास आठ डब्या लपवून ठेवावयाच्या, प्रत्येक डबीचा ठावठिकाणा एकेका कोड्यांत गुंतवावयाचा, आणि तीं कोडीं सोडवीत जो कोणी शेवटच्या डबीशीं पोंचेल त्यास बाईंची ओळख व्हावी, अशी व्यवस्था करावयाची. हा बेत कळवून भाचीनें शेवटीं विचारलें होतें, ‘मामा, तुम्हांला हें पोरकट तर वाटत नाहीं ना?’

मला तें पोरकट वाटलें, हें कबूल करणें प्राप्त आहे. गुरूच्या मृत्यूचा खेळ करावयाचा, आणि तोहि लपंडावाचा! पण उत्तर लिहावयास बसलों तेव्हां माझ्या असें ध्यानांत आलें कीं, ह्या बेताविरुद्ध माझ्याजवळ नाखुषी पुष्कळ आहे, परंतु धड असें कारण एकहि नाहीं. म्हणून मीं उत्तर लांबणीवर टाकलें आणि आधीं त्या खेळाची माहिती करून घेतली.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरणारे अमेरिकन सरकारचे उपग्रह सतत संदेश पाठवीत असतात. त्यांपैकीं निदान चार उपग्रहांचे संदेश हातांतील यंत्रास मिळाले, म्हणजे आपण कोणत्या अक्षांश-रेखांशांवर उभे आहों तें यंत्र सांगूं शकतें. २००० सालापर्यंत सामान्य लोकांसाठीं हे संदेश मुद्दाम अशुद्ध करून सोडले जात, आणि त्यामुळें जागा सांगण्यांत शंभरेक मीटरांपर्यंत चूक होई. त्या वर्षींच्या २ मे रोजीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें ही भेसळ बंद झाली; आणि दुसऱ्याच दिवशीं डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरिगन राज्यांतच, बीव्हरक्रीक गांवानजीक, रानांत एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जगजाहीर केले. जिला ती सांपडेल त्या व्यक्तीनें आंतली एकादी वस्तु घ्यावी, आपली एक ठेवावी आणि वहींत नोंद करावी, एवढाच नियम होता. ह्या खेळास पुढें ‘जिओकॅशिंग’ असें नांव पडलें. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या लपविलेल्या आहेत, आणि त्या पहिल्या बादलीच्या जागीं एक स्मृतिफलक आहे. कल्पना मात्र अगदींच नवी नव्हे. इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळरानांत जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं, क्रॅनमियर पूल ह्या दुर्गम जागीं, येणाऱ्यांनीं आपलीं नांवाचीं कार्डें टाकावीं म्हणून एक बाटली ठेवली होती. दूरवर चालून जावें, आणि आपल्या आधीं कोण येऊन गेला तें पाहावें, ही हौस उपग्रहांहून पुष्कळच जुनी आहे.

ह्या खेळाचा एक प्रकार कूटांचा आहे. त्यांत जाहीर केलेली जागा खोटी असते. खरी जागा तिच्यापासून साधारणतः २ मैलांच्या आंत कोठें तरी असते, आणि कोडें सोडविल्याखेरीज ती कळत नाहीं. दोन डब्यांमध्यें निदान १६१ मीटरांचें अंतर हवें, डबी जमिनींत पुरतां कामा नये, जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि ज्यानें डबी ठेवली त्यानेंच तिची निगा राखली पाहिजे, असे निर्बंध आहेत. कोड्याचें उत्तर म्हणजे अंश, मिनिटें आणि मिनिटाचे सहस्रांश. अक्षांशाच्या मिनिटाचा एक सहस्रांश म्हणजे भूमीवर सुमारें १.८५ मीटर. तेव्हां शेवटचा आंकडा एकानें चुकला तर शोधणारा झुडपाच्या ह्या बाजूऐवजीं त्या बाजूस चांचपडेल. परंतु दशांशाच्या घरांतील आंकडा चुकला तर तो दोनशें मीटर भलतीकडे जाईल, आणि शहर विलामेट नदीच्या कांठीं असल्यामुळें कदाचित् थेट पाण्यांत उतरेल. ह्या शाळेंत खोटें उत्तर लाल शाईनें खोडीत नाहींत. तें विद्यार्थ्यास चालावयास लावतें.

एवढें समजल्यावर मीं माझ्या नाखुषीची कारणें शोधूं लागलों, आणि तीं तीन सांपडलीं.

पहिलें कारण असें कीं, शोक आणि खेळ ह्यांची जोडी मनास रुचत नाहीं. जेथें मान खालीं घालून उभें राहावयाचें तेथें मुलें हंसत धांवत येणार, हा मृताचा उपमर्द नव्हे काय? परंतु हा आक्षेप जरा निरखून पाहिला तर तो मृतापेक्षां आपल्याच प्रतिष्ठेच्या कल्पनेचा कैवार घेतो असें दिसतें. त्या बाईंनीं आयुष्यभर मुलांना कोडीं घातलीं. मुलें त्यांच्या तासाला हंसत, भांडत, एकमेकांच्या वहींत डोकावीत, आणि त्या गोंगाटांतच गणित शिकत. ज्या माणसाचें सारें काम असल्या आनंदांत झालें, त्याच्यामागें मात्र सर्वांनीं गंभीर मुद्रा धारण करावी, हा आग्रह कोणासाठीं? आणि खेळांतून ज्ञान देण्याची ही रीत आपणांस तरी परकी कोठें आहे? भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें रचलेल्या लीलावतींत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. मीं शेवटीं भाचीस जें उत्तर लिहिलें त्यांत लीलावतींतील एक प्रश्न आपल्या शब्दांत लिहून पाठविला, आणि तोच त्यांच्या मालिकेंतील दुसरें कोडें झाला. तळ्यांत कमळाची एक कळी पाण्याच्या वर अर्धा हात आलेली आहे. वाऱ्याच्या झुळकीनें ती कलत कलत गेली, आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यांत बुडाली. तर तेथें पाणी किती खोल? ज्या वाचकांस गणिताची भीति वाटत नाहीं त्यांनीं कागद घ्यावा. उत्तर मी येथें देणार नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

दुसरें कारण अधिक वजनदार आहे. स्मारक म्हणजे स्मरण करून देणारी वस्तु. ती चव्हाट्यावर असावी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेस पडावी. तीच लपवून ठेवली तर तिच्यांत आणि विस्मृतींत फरक काय राहिला? ह्या आक्षेपाचें उत्तर मला अमेरिकेंत शोधावें लागलें नाहीं. माझ्या गांवच्या शाळेच्या दिवाणखान्यांत माझ्या गणिताच्या मास्तरांचें तैलचित्र आहे. तें लावणाऱ्या समितीचा चिटणीस मीच होतों. वर्गणीच्या पावत्या मीं स्वतः फाडल्या. चित्रकारानें मास्तरांच्या खांद्यावर जी शाल घातली तसली शाल त्यांनीं हयातींत कधीं पांघरली नव्हती, आणि जो खडू त्यांच्या हातांतून कधीं सुटला नाहीं तो चित्रांत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मी त्या शाळेंत गेलों होतों. चित्र जागच्या जागीं होतें. खालची पितळी पट्टी काळी पडली होती. तेथें बसून डबा खाणाऱ्या एका मुलास मीं विचारलें, ‘हे कोण, ठाऊक आहे काय?’ तो म्हणाला, ‘पूर्वींचे कोणी तरी आहेत.’ त्यांत त्या मुलाचा कांहीं दोष नव्हता. चोवीस तास उघडें असलेलें तें स्मारक त्याला रोज दिसत होतें, आणि रोज दिसत होतें म्हणूनच तें त्यानें कधीं पाहिलें नव्हतें. लपलेली वस्तु निदान शोधणाऱ्यास तरी दिसते.

परंतु ह्या आक्षेपाची एक दुसरी बाजू आहे, आणि तिचें उत्तर इतकें सोपें नाहीं. जें शोधावें लागतें तें सर्वांनाच सांपडत नाहीं. त्या बाईंचे यजमान आज वृद्ध आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि गणिताशीं त्यांचा संबंध पत्नीच्या तोंडून ऐकण्यापुरताच होता. ज्या स्मारकाशीं त्यांनाच पोंचतां येत नाहीं तें कोणाचें स्मारक? शिवाय बाईंच्या वर्गांत सगळींच मुलें हुशार नव्हतीं. भाची सांगते कीं, बाईंचा अधिक वेळ मागच्या बांकावरच जाई. मग त्यांच्या नांवानें हुशारांनीं हुशारांसाठीं एक गड बांधावा, आणि बाकीच्यांनीं पायथ्याशीं उभें राहावें, ही त्यांची आठवण कीं त्यांची थट्टा? सहा जणांत ह्यावर पुष्कळ वाद झाला. अखेर असें ठरलें कीं, पहिलें कोडें दहा वर्षांच्या मुलास सुटेल असें असावें, आणि शेवटची डबी अशा जागीं असावी कीं, जेथें चढण चढावी लागणार नाहीं. सुदैवानें त्या शहराची ठेवणच सोयीची आहे. नदीकांठचें खालचें गांव आणि कड्यावरचें वरचें गांव असे त्याचे दोन मजले आहेत, आणि खालून वर नेणारा नगरपालिकेचा एक पाळणा १९५५ सालापासून तेथें चालू आहे. वर पोंचलें कीं कड्याच्या कडेनें सपाट वाट जाते आणि तेथून विलामेटचा धबधबा दिसतो. शेवटची डबी त्या वाटेच्या आसपास आहे. कोणत्या ठिकाणीं, तें अर्थातच भाचीनें मलाहि सांगितलेलें नाहीं.

आतां तिसरें कारण. हें सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मतें सर्वांत खरें. कोडें घालणाऱ्याच्या मनांत एक चोर दडलेला असतो. आपण घातलेलें कोडें कोणास सुटूं नये, अशी त्या चोराची इच्छा असते. गुरूच्या नांवाखालीं शिष्य स्वतःच्याच बुद्धीचें प्रदर्शन मांडणार नाहीं कशावरून? पुतळ्याच्या चौथऱ्यावर देणगीदारांचीं नांवें मोठ्या अक्षरांत कोरलेलीं आपण पाहतोंच. कूटाच्या मालिकेंत तीं नांवें कोरावींहि लागत नाहींत, प्रत्येक अवघड पायरीवर तीं आपोआप उमटतात.

हा चोर किती लबाड आहे ह्याचा अनुभव आम्हां मामा-भाचींना लवकरच आला. मालिकेंतील पांचवें कोडें तिनें स्वतः रचलें होतें, आणि परीक्षा म्हणून तें मजकडे पाठविलें. मीं चार संध्याकाळ त्यावर घालविल्या. पाने भरलीं, डोकें तापलें, यश नाहीं. पांचव्या दिवशीं मीं तिला लिहिलें कीं, मी हरलों. तत्काळ तिचें उत्तर आलें. आणि त्यांत संपूर्ण उलगडा, पायरीपायरीनें, अतिशय सुबक रीतीनें मांडलेला होता. तो वाचून मला आनंद व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत, कोणीं माझ्या खिशांतून कांहीं तरी काढून घेतलें असावें असें वाटलें. चार दिवस जें माझें होतें तें क्षणांत तिचें झालें. मीं आभार मानून दोन ओळी लिहिल्या. त्यांत कोठें तरी माझा विरस डोकावला असावा. कारण दोन दिवसांनीं तिचें पुन्हां पत्र आलें. ‘मामा, माझें चुकलें. बाईंनीं तुम्हांला उत्तर कधींच पाठविलें नसतें. आम्ही अडलों म्हणजे त्या शेजारीं येऊन बसत आणि एवढेंच विचारीत, कोठें अडलास? तें मीं तुम्हांला विचारलेंच नाहीं. माझें कोडें किती चांगलें आहे तें तुम्हांला दिसावें, ह्याचीच मला घाई झाली होती.’

हें पत्र आल्यापासून माझी नाखुषी नाहींशी झाली. कारण जो प्रश्न मला नीट मांडतां येत नव्हता तो त्या मुलीनें चार वाक्यांत मांडला. उत्तर न सांगणें हें दोन प्रकारचें असतें. एक मनुष्य उत्तर लपवितो, आणि दुसरा तें राखून ठेवतो. लपविणाऱ्यास वाटतें, हें याला सुटूं नये. राखणाऱ्यास वाटतें, हें यालाच सुटावें. बाहेरून पाहणाऱ्यास दोघेहि सारखेच गप्प दिसतात. परंतु पहिल्याच्या मौनांत गर्व आहे, आणि दुसऱ्याच्या मौनांत समोरच्या माणसावर विश्वास आहे. चांगल्या शिक्षकाचें सारें चांगुलपण ह्या दुसऱ्या मौनांत असतें, असें मला वाटूं लागलें आहे. माहिती ग्रंथांत असते, आणि आतां तर खिशांतल्या यंत्रांत असते. उत्तर सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु तुला हें येईल अशी खात्री धरून, आपल्याला येत असलेलें उत्तर ओठांवर थोपवून धरणारें माणूस आयुष्यांत एकदोनदांच भेटतें. आपण ज्याला गुरु म्हणतों तो बहुधा तोच असतो.

पण येथेंच त्या डब्यांची उणीवहि उघडी पडते. डबी उत्तर राखून ठेवूं शकते. तिला समोरच्याचा चेहरा दिसत नाहीं. हा आतां वैतागणार, हिला आणखी थोडें ताणलें तर सुटेल, हा नुसता भुकेला आहे, ह्याला आज घरीं पाठवावें, हें शिक्षकाला कळतें आणि प्लास्टिकच्या डबीला कळत नाहीं. तेव्हां आठ डब्यांनीं बाईंचें स्मारक होईल अशी कोणाची समजूत असेल तर ती तैलचित्राच्या समितीइतकीच भाबडी आहे. स्मारक व्हावयाचें असेल तर त्या डब्यांच्या मागें जिवंत माणूस उभा असला पाहिजे. म्हणून त्या सहा जणांनीं एक नियम स्वतःवर घालून घेतला. मालिकेंत जो कोणी अडेल त्यानें पत्र लिहावें. सहांपैकीं एकानें त्यास दोन दिवसांच्या आंत उत्तर द्यावें. आणि त्या उत्तरांत उलगडा नसावा, प्रश्न असावा. तसेंच दर महिन्यास एकानें आठहि जागीं जाऊन यावें. त्या प्रांतांत पावसाळा लांब असतो. डबींत पाणी शिरतें, वही भिजते, झाड पडतें, कोणी तरी डबी उचलून नेतें. ज्याच्या डब्यांची निगा राहत नाहीं त्याच्या डब्या यादींतून काढून टाकतात, असा त्या खेळाचा रिवाज आहे. मला तो रिवाज फार मार्मिक वाटतो. चित्र एकदां खिळ्यास लटकविलें कीं समितीचें विसर्जन होतें. ह्या स्मारकाच्या समितीस विसर्जनाची सोय नाहीं.

आपल्या जुन्या लोकांनीं ह्या गोष्टीचा विचार केला नव्हता असें नाहीं. मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, अशी कल्पना तैत्तिरीय संहितेंत आहे: देवांचें ऋण यज्ञानें फेडावयाचें, पितरांचें प्रजेनें, आणि ऋषींचें ब्रह्मचर्यानें, म्हणजे गुरुगृहीं राहून केलेल्या अध्ययनानें. लहानपणीं हें शिकतांना त्यांतील चमत्कार माझ्या ध्यानांत आला नव्हता. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नाहीं. त्यांना गाय, सोनें अथवा शाल देऊन तें फिटत नाहीं. आपण शिकलों तरच फिटतें. पितरांचें ऋणहि मागें फेडीत नाहींत, पुढें फेडतात. सावकार वेगळा आणि ज्याच्या हातांत रक्कम ठेवावयाची तो वेगळा, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

आणि ह्या व्यवहाराचा एक अस्सल दस्तऐवज आपल्या महाराष्ट्रांत दगडावर कोरलेला आहे. खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें शके ११२८ मधील एक शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजाच्या स्मरणार्थ काय केलें? मूर्ति बसविली नाहीं, समाधि बांधली नाहीं. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि आणि त्यांच्या कुळांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला, आणि त्या मठास निकुंभ वंशांतील राजांनीं उत्पन्न लावून दिलें. आज तो मठ नाहीं; त्याचे विद्यार्थी कोण होते तें कोणास ठाऊक नाहीं. परंतु कमळाची ती कळी आठ शतकांहून अधिक काळ वाऱ्यानें कलत आलेली आहे, आणि आतां ऑरिगनच्या पावसांत कोणी अनोळखी मुलगी तिच्यासाठीं कागदावर त्रिकोण काढीत असेल. चांगदेवाच्या दानाचा हिशेब त्या शिळेवर आहे. त्याचें फळ मात्र शिळेवर नाहीं.

त्या डब्याहि अर्थात् राहणार नाहींत. ते सहा जण म्हातारे होतील, गांव सोडतील, पत्रांना उत्तरें द्यावयास कोणी उरणार नाहीं, आणि एके दिवशीं यादींतून ती मालिका पुसली जाईल. मीं भाचीस हें लिहिलें तेव्हां तिनें उत्तर दिलें कीं, बाईंचा तासहि पंचेचाळीस मिनिटांनीं संपत असे. शेवटच्या डबींत त्यांनीं काय ठेवलें आहे तेंहि तिनें कळविलें: एक वही, खडूचा एक तुकडा, आणि एका कागदावर बाईंचें नांव व त्याखालीं एक नवा प्रश्न. चरित्र नाहीं, छायाचित्र नाहीं. जो तेथवर आला त्यानें त्या बाईंचा तास नुकताच संपविलेला असतो. त्याला त्यांच्याविषयीं आणखी काय सांगावयाचें?

इतकें सांगितल्यावर एक गोष्ट सांगावयाची राहते, आणि ती सांगण्याचें मीं टाळलें तर हा सारा ऊहापोह मीं परक्याच्या घरचा न्याय केल्यासारखा होईल. मी नोकरीनिमित्त मुंबईस असतांना मास्तरांचें मला एक कार्ड आलें होतें. ते तेव्हां निवृत्त होऊन एकटे राहत होते. कार्डावर क्षेमकुशल दोन ओळींत, आणि खालीं हा प्रश्न: ज्या त्रिकोणाचे दोन कोनदुभाजक समोरच्या बाजूपर्यंत मोजले असतां समान भरतात, तो त्रिकोण समद्विभुज असतो, हें भूमितीनें सिद्ध कर. त्याखालीं लिहिलें होतें, ‘सुटलें नाहीं तरी लिही.’ ह्या प्रमेयाचा व्यत्यास शाळकरी मुलगा सोडवितो. पण हें प्रमेय तसें नाहीं. १८४० सालीं लेमस नांवाच्या जर्मन गणितज्ञानें तें स्टर्म यास पत्रानेंच विचारलें होतें, आणि स्टायनरनें त्याची सिद्धता दिली, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. त्या वेळीं मला एवढेंच वाटलें कीं, सुटल्याशिवाय मास्तरांना तोंड कसें दाखवावें? सुटलें कीं लिहूं, असें म्हणत मीं तें कार्ड पेटींत ठेवलें. दोन वर्षांनीं मास्तर गेल्याची बातमी आली. मग मीं मोठ्या उत्साहानें समिति काढली. आज मला स्पष्ट दिसतें कीं, ती सारी वर्गणी, ती चौकट, ती शाल, हें सर्व एका पंधरा पैशांच्या कार्डाचें न दिलेलें उत्तर होतें. मास्तरांना उत्तर नकोच होतें. मी कोठें अडलों तें त्यांना हवें होतें; आणि तेंच सांगावयाची मला लाज वाटली.

गेल्या महिन्यांत मीं तें कार्ड शोधून काढलें आणि तीन आठवडे त्या त्रिकोणाशीं झटलों. सिद्धता छापील ग्रंथांत आहे, ती पाहावयाची नाहीं असा निश्चय केला. मग प्रश्न उतरून भाचीस पाठविला आणि लिहिलें कीं, हा माझ्या मास्तरांचा आहे, मला सुटत नाहीं. तिला तो सुटला कीं नाहीं, ठाऊक नाहीं. तिचें उत्तर एका ओळीचें आहे: ‘मामा, कोठें अडलां?’

तिला उत्तर लिहावयास आज बसलों आहें. दोन दुभाजक समान घेतले, कोन विषम मानले, आणि तेथून पुढें विसंगति दाखवावयाची इतकें मला कळतें. परंतु कोणती बाजू कोणत्या बाजूशीं ताडून पाहावी तेथें माझा पाय रुततो. हें सर्व तिला कळवीत आहें. सुटलेलें नाहीं, तरी लिहीत आहें.